धंदा, वतन आणि आडनाव : जुन्नर-आंबेगावचा आढावा

धंद्यावरून पडलेल्या आडनावांचे दोन मोठे वर्ग दिसतात. एक हाताच्या कसबावरून आलेल्या नावांचा, दुसरा पदावरून किंवा हक्कावरून आलेल्या नावांचा. इंग्लंडात पहिला वर्ग फार मोठा आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत कसबी लोकांची वस्ती दोन हजार वर्षांपासून आहे, तरी आडनावांत प्राबल्य दुसऱ्या वर्गाचे आहे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन, जोशी, इनामदार ही सगळी हक्काची नावे. असे का झाले, हा या विषयातला मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर शब्दांच्या व्युत्पत्तीत थोडे आणि गावगाड्याच्या रचनेत जास्त सापडते.

इंग्लंडचा नमुना थोडक्यात असा. तेथे आडनावे स्थिर होऊ लागली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकांत. १३७७ ते १३८१ या काळात बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्यांत माणसापुढे त्याचा धंदा लिहिलेला दिसतो, आणि पुष्कळ ठिकाणी तोच पुढे घराण्याचे नाव झाला. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, मिलर म्हणजे दळणारा, चँडलर म्हणजे मेणबत्त्या करणारा. लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करण्याच्या एकाच कामाला आग्नेय भागात फुलर, उत्तरेत वॉकर आणि नैर्ऋत्येला टकर म्हणत. ही तिन्ही आडनावे आजही आहेत आणि पूर्वज कोणत्या मुलखातला होता हे ती बऱ्याच अंशी सांगतात. पदांची नावेही तेथे आहेत. गावच्या कारभाऱ्याचे रीव्ह, राजवाड्यातल्या कारभाऱ्याचे स्ट्युअर्ट, आणि घोड्यांच्या चाकरापासून थेट सेनाधिकाऱ्यापर्यंत चढलेले मार्शल. पण लोहाराच्या मानाने रीव्ह थोडे. लोहाराचा मुलगा पावभट्टीवर गेला, नातू शेतावर गेला, तरी नाव स्मिथच राहिले. माणूस धंद्यातून सुटला आणि धंदा नावात अडकला.

जुन्नरला धंद्याचे शब्द याच्या हजार-बाराशे वर्षे आधी दगडावर कोरले गेले. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव खोदकामे आहेत. नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवरची ही पेठ, त्यामुळे दाते व्यापारी आणि कारागीर. त्यांचे ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. एका लेखात कल्याणचा राहणारा, कुडिराचा मुलगा, सुवर्णकार संघक याने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याची नोंद आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा सुलसदत्तही कल्याणचाच. त्याच्या लेखात ‘हेरणिक’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा, खजिनदार किंवा सराफ. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, लेखातल्या शब्दात ‘धंञिक’ श्रेणीने, सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. आणखी एका लेखात वसकार आणि कासकार, म्हणजे बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे, यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचे सांगितले आहे. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख मानमोडीत आहे. त्यावर ४६ हे वर्ष कोरलेले आहे.

संघक सोनाराचा लेख बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्याची ओळख तीन गोष्टींनी दिली आहे : गाव, बाप आणि धंदा. आजचे मराठी नाव नेमके याच सामग्रीतून उभे राहते. मधले नाव बापाचे, आणि शेवटचे एकतर गावाचे, ‘कर’ लावून, किंवा धंद्या-हुद्द्याचे. फरक इतकाच की ‘सुवर्णकार’ हे संघकाचे वर्णन होते. त्याच्या नातवाने तराजू टाकून नांगर धरला असता, तर त्या नातवाला सुवर्णकार म्हणण्याचे कारण उरले नसते. लेण्यांतल्या शब्दांना अजून आडनावपण आलेले नाही.

हे शब्द नंतर नाहीसे झाले नाहीत. ते झिजले आणि भाषेत राहिले. सुवर्णकाराचा सोनार झाला, कांस्यकाराचा कासार, कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार. ‘कार’मधला ककार गळून ‘आर’ उरणे हा या सगळ्यांतला समान नियम. सूत्रधाराचा सुतार झाला तोही अशाच झिजेने. वसकार मात्र टिकला नाही, त्याच्या जागी बुरूड आला. धंञिकाची जागा वाण्याने घेतली. पण हे टिकलेले शब्द आडनावे न होता जातींची नावे झाले, आणि येथेच मराठी मुलखाची वाट इंग्लंडपेक्षा वेगळी झाली.

याचे कारण बलुत्यात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, ते पुणे-नगरच्या देशावरच्या गावांचेच. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव, जोशी, मुलाणी, महार, मांग हे गावाचे बांधलेले कामकरी. याद्या गावागणिक बदलतात, पण रचना तीच. सुगीत खळ्यावर धान्याची रास पडली की प्रत्येकाने आपला वाटा उचलायचा आणि वर्षभर नांगर, मोट, भांडी, पायताण यांची नड भागवायची. गावात सुताराचे घर एक किंवा दोन. गावाला ‘सुतार’ एवढे म्हटले की पुरे. सुतारांच्या आपसातल्या सोयरिकीत मात्र त्या शब्दाचा उपयोग शून्य, कारण तेथे सगळेच सुतार. म्हणून प्रत्येक जातीच्या आत घराण्यांची वेगळी नावे चालत आणि धंद्याचे नाव जातीच्या पातळीवर राही. धंदा बदलण्याची मुभाच जेथे जवळजवळ नव्हती, तेथे तो नावात गोठण्याची वेळ येणार कशी? सुतार, लोहार, कुंभार ही आज आडनावे म्हणून दिसतात ती मुख्यतः शाळेच्या दाखल्यावर आणि सरकारी वहीत तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिणे भाग पडू लागल्यावर.

मराठा अमदानीतल्या महजरांत, म्हणजे गोतसभेच्या निवाडापत्रांत, ही व्यवस्था डोळ्यांना दिसते. लिहिता न येणारा साक्षीदार आपल्या नावापुढे निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तागडी, सुताराचे किंकरे, कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा. चार रेघांचे ते चित्र म्हणजे त्या माणसाची सही. त्या कागदावरच्या पाटलाला दुसरे आडनाव असे, सुतारालाही असे. पण तो गोतात बसला होता तो त्या हत्याराच्या हक्काने. कसब आणि हक्क या दोन गोष्टी या कागदांत वेगळ्या काढता येत नाहीत. बलुतेदाराचे काम हेही वतनच, म्हणजे वंशपरंपरेचा हक्कच होते, फक्त खालच्या पायरीवरचे.

वरच्या पायरीवर पहिला मान पाटलाचा. शब्दाचे मूळ ‘पट्टकील’. परमार राजांच्या दहाव्या शतकातल्या ताम्रपटांत गावच्या लोकांना उद्देशून बोलताना पट्टकीलांचा उल्लेख होतो. पट्ट म्हणजे लेख कोरलेला किंवा लिहिलेला पाट. तो ज्याच्याकडे तो पट्टकील. मुसलमानी अमलात त्यालाच मोकदम म्हणू लागले. अरबी ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला. ‘मोकदम पाटील’ अशी जोडी जुन्या कागदांत वारंवार येते. पाटलाच्याही आधीचा थर गावड्याचा असावा. कानडी ‘गावुंड’ किंवा ‘गामुंड’ म्हणजे गावचा मुख्य, त्यावरून गावडा आणि गावडे. मंचरजवळची गावडेवाडी हा शब्द आजही सांभाळून आहे.

पाटीलकी म्हणजे सारा वसूल करण्याचे काम, फौजदारी बंदोबस्त, आणि त्याबदली इनाम जमीन व मानपान. पोळ्याला पहिला बैल पाटलाचा, होळीची पहिली पोळी पाटलाची, तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा. हे मान पैशाइतकेच मोलाचे होते आणि त्यांवरून पिढ्यान् पिढ्या भांडणे चालत. पाटीलकी वाटली जाई, गहाण पडे, विकलीही जाई. अर्धी पाटीलकी विकत घेतलेले घराणे त्या दिवसापासून पाटील झाले, मग मूळचे ते कोणीही असोत. हिंदुस्थानच्या राजकारणात बादशाहीचा कारभार हातात असणारे महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात भूषण मानीत, आणि लोकही त्यांना पाटीलबावा म्हणत. शेतकऱ्याच्या पोरापासून सरदारापर्यंत सर्वांना कळणारी प्रतिष्ठा त्या एका शब्दात होती.

पाटील हे मुळात घराण्याचे नाव नव्हे, पद आहे, याचा पुरावा आंबेगावात रोजच्या वर्तमानपत्रात सापडतो. १९९० पासून या तालुक्याचे आमदार असलेले दिलीप वळसे पाटील यांच्या नावात घराणे वळसे आणि पद पाटील. लांडेवाडीचे, लोकसभेवर २००४ ते २०१९ या काळात गेलेले शिवाजीराव आढळराव पाटील यांच्याही नावाची घडण अशीच. जोड आडनावाचा पहिला भाग सांगतो कोण, दुसरा सांगतो काय. सांगली-कोल्हापूरकडे आणि खानदेशात पहिला भाग गळून नुसते पाटील उरण्याचे प्रमाण मोठे आहे, म्हणून तेथे एका वर्गात वीस पाटील निघतात आणि त्यांचा एकमेकांशी नात्याचा संबंध नसतो. जुन्नर-आंबेगावात घराण्याचे नाव बरेच टिकले. या बाबतीत इकडच्या नावांतून इतिहास जास्त वाचता येतो.

कुलकर्णी हा पाटलाच्या शेजारी बसून दप्तर सांभाळणारा. ‘करण’ म्हणजे लेखक, हिशेबनीस. कोरीव लेखांत करणिक असे रूपही येते. ‘कुल’ म्हणजे शेतकऱ्याचे कुळ, ज्याच्या नावे जमिनीचा धारा बसतो ते. कुळवार हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी. त्याची बहुसंख्य घरे ब्राह्मणांची असली तरी कायस्थ प्रभू, लिंगायत आणि जैन कुलकर्णीही महाराष्ट्रात आहेत, कारण वतनाला जात चिकटलेली असली तरी नाव वतनाचे होते. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे या नावांनी चाले. पांड्या म्हणजे लेखक. त्यांच्यावर सरदेशमुख. या शब्दांची घडण सरळ आहे, त्यांत कोडे नाही.

पेठेची जोडी शेट्या आणि महाजन यांची. यांचा इतिहास जुन्नरसारख्या बाजारपेठेत विशेष महत्त्वाचा. गावाला पाटील-कुलकर्णी तसे पेठेला शेटे-महाजन. नवी पेठ वसवायची तर सरकार एखाद्या वजनदार माणसाला शेटेपण देई. त्याने बाहेरगावचे उदमी आणावेत, दुकाने मांडावीत, मापे आणि भाव यांवर नजर ठेवावी, आणि प्रत्येक दुकानामागे ठरलेला हक्क घ्यावा. शब्दाचे मूळ ‘श्रेष्ठी’. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल सेट्ठीने पुरे केले, हे तेथल्या लेखात आहे. म्हणजे पुणे जिल्ह्यात हा शब्द दोन हजार वर्षे चालता आहे. शेटे हे आडनाव जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात आजही भेटते.

याच शब्दाची दुसरी शाखा ‘शेठ’ ही आदराची जोड. मुंबईत शेठ म्हणजे गुजराती-मारवाडी व्यापारी, असा सरसकट समज आहे. जुन्नर-आंबेगावात तो लागू पडत नाही. येथे ऊस आणि टोमॅटो पिकवणारा बागायतदार शेतकरीही शेठ. शिरोलीच्या विघ्नहर सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक निवृत्तीशेठ शेरकर, जुन्नरचे माजी आमदार वल्लभशेठ बेनके ही सर्वांच्या तोंडची रूपे. पाहुण्याला, पुढाऱ्याला, अगदी समवयस्क मित्रालाही नावापुढे शेठ जोडून हाक मारणे ही इकडची रीत. पुण्याच्या दक्षिणेला ‘अण्णा’ किंवा ‘आबा’ जे काम करतात, ते येथे ‘शेठ’ करतो. जुन्या पेठेचा आणि मुंबईच्या बाजाराशी असलेल्या जवळिकीचा हा ठसा असावा, असे मानायला जागा आहे.

पोतदार या शब्दाची कथा सगळ्यांत गुंतागुंतीची. फारसी ‘फोतादार’वरून तो आला. फोता म्हणजे कापड, कापडाची पिशवी, आणि मग त्या पिशवीतला भरणा. सरकारी तिजोरीत येणारे नाणे खरे की खोटे, वजनात पुरे की कमी, हे पारखणारा तो पोतदार. होन, रुपये आणि पैसे यांचे डझनावारी प्रकार एकाच वेळी चालत असलेल्या काळात हे काम बिनचूक होणे सर्वांच्याच हिताचे होते. गावात ते सोनाराकडे असे. मोल्सवर्थच्या कोशातही (१८३१) पोतदाराचे दोन्ही अर्थ दिलेले आहेत : तिजोरीत नाणी पारखणारा आणि गावचा सोनार. लेण्याद्रीच्या लेखातला हेरणिक जे काम करीत होता, तेच साधारण दीड हजार वर्षांनी पोतदार करताना दिसतो. प्राकृत शब्द जाऊन फारसी आला, धंदा मात्र जागचा हलला नाही.

फारसी-अरबी शब्दांचा हा थर जुन्नरला जाड असण्याचे कारण राजकीय आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद हा जुन्नरचा सुभेदार. १४९० मध्ये स्वतंत्र झाला तो येथूनच, अहमदनगर नंतर वसले. त्याआधी बहामनी अमलात, १४७० च्या सुमारास, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन पावसाळाभर जुन्नरला राहिला होता. घोड्यांची ये-जा जेथे, तेथे नालबंद आणि जीनगर आलेच. किल्ल्यांवर हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस. दप्तरात चिटणीस, फडणीस, पारसनीस. यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. ‘दार’ म्हणजे धरणारा : किल्लेदार, इनामदार, जहागीरदार, जमादार. डोंगरी भागात, भीमाशंकर ते हरिश्चंद्रगड या रांगेतल्या कोळी नाईकांकडे घाट आणि किल्ले राखण्याचे काम असे. त्यावरून नाईक, नाईकवडी, सरनाईक हे शब्द रुळले.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राजव्यवहारकोश करवून घेतला आणि हुद्द्यांना संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, सरनोबताचा सेनापती. शिवनेरीवर जन्मलेल्या या राजाने स्वीकारलेला अमात्य हा शब्द त्याच गावच्या मानमोडीच्या डोंगरात पंधरा-सोळा शतके आधीच कोरलेला होता, हा योग लक्षात राहण्यासारखा आहे. आडनावांवर या बदलाचा परिणाम मर्यादित झाला. बावड्याचे पंत अमात्य आणि भोरचे पंत सचिव ही मोठी घराणी त्या नावांनी ओळखली गेली. पण घराघरांत टिकले ते मुजुमदार, चिटणीस, फडणीस आणि सबनीस. दप्तराची भाषा बदलता आली, लोकांच्या तोंडातली नाही.

कसबाची आडनावे, इंग्लंडच्या अर्थाने, या भागात सर्वांत जास्त मिळतात ती मुसलमान कुटुंबांत. आतार म्हणजे अत्तर आणि सुगंधी वस्तू विकणारा, तांबोळी पानवाला, बागवान फळफळावळ विकणारा, मणियार बांगड्यांचा, पिंजारी कापूस पिंजणारा, शिकलगार हत्यारांना धार लावणारा, मोमीन विणकर, मुलाणी बलुत्यातला, काझी न्यायाच्या गादीवरचा. ही नावे धंदा सुटल्यावरही टिकली.

यांत जुन्नरचा खास शब्द कागदी. जुन्नरी कागद मराठा अमदानीत दौलताबादी कागदाप्रमाणेच दप्तरांत नावाजलेला होता, आणि १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरनेही जुन्नरच्या कागद्यांची दखल घेतली. काम पाण्याचे आणि अंगमेहनतीचे. जुने गोणपाट, दोर, चिंध्या कापून चुन्याच्या पाण्यात कुजवायच्या, पायाने दाबायच्या जड लाकडी घणाखाली कुटायच्या, नदीवर धुवायच्या, पुन्हा चुना, पुन्हा कुटणे, पुन्हा धुणे. पांढरा लगदा हौदात कालवला की कागदी काठावर बसे, गवताच्या काड्यांची बारीक चटई लाकडी चौकटीवर ताणून ती हौदात बुडवी, दोन्ही हातांनी सपाट उचलून हलवी, पाणी निथळले की ओला ताव अलगद उपडा करी. तावांवर ताव रचायचे, दाबून पाणी काढायचे, भिंतीला चिकटवून वाळवायचे. मग खळ लावायची, पुन्हा वाळवायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटते. मोडी अक्षर एका झपाट्यात, हात न उचलता चालते ते या घोटाईच्या जोरावर. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा धंदा ढासळला. महात्मा गांधींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली, ती असा मोडत चाललेला हुन्नर जगवण्यासाठीच. हौद आटले आणि कागदी हे नाव उरले. स्मिथच्या नावाचे जे झाले, ते जुन्नरात या शब्दाचे झाले.

वतनाचे नाव म्हणजे कायद्याने वसूल करता येणारा हक्क, हे सर्वांत स्पष्ट झाले ओतूरच्या दाव्यात. सत्यशोधक समाजाची चळवळ जुन्नर तालुक्यात १८८० च्या दशकात जोरात होती. ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांच्या घरी लग्न लागले ते ग्रामजोश्याला न बोलावता. जोश्यांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की पौरोहित्य हे आमचे वतन आहे. काम आमच्याकडून करून घ्या किंवा घेऊ नका, दक्षिणा आमची. आज हे विचित्र वाटते, पण त्या काळच्या न्यायालयांनी जोशीवतनाचा असा हक्क इतर दाव्यांत मान्य केलेला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल ओतूरच्या सत्यशोधकांच्या बाजूने लागला. कायद्याच्या अहवालात या दाव्याचे नाव आहे वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील. वादी आणि प्रतिवादी या दोघांचीही आडनावे वतनाची. जोशी हा शब्द ज्योतिषीवरून आला, म्हणजे मूळ अर्थ मुहूर्त आणि ग्रह पाहणारा; पण ओतूरला भांडण ग्रहांचे नव्हते, हक्काचे होते.

या दाव्यामागची प्रेरणा जोतीराव फुले यांची, आणि त्यांचे स्वतःचे आडनाव हे कसबाच्या आडनावाचे जिल्ह्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. घराणे मूळ गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. पुण्यात पेशव्यांच्या वाड्याला फुले पुरवण्याचे काम या घराकडे आले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. एकदोन पिढ्यांत नाव बदलले. गाव सोडून शहरात आलेल्या माणसालाच असे नवे नाव पडू शकत होते. गावातल्या बलुत्यात ते घडण्याची सोय नव्हती.

ज्या धंद्याच्या नावात मान नव्हता, ते नाव लोकांनी शक्य होताच सोडले. हा भाग आढाव्यात सहसा वगळला जातो आणि तो वगळणे अन्यायाचे आहे. महार, मांग, चांभार हे शब्द गावात हाक मारण्यासाठी वापरले गेले ते हलके लेखण्यासाठीच. तेथे वतन म्हणजे मान नव्हता, राबणूक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनाविरुद्ध विधेयक आणले त्यामागे हेच कारण. अशा घरांनी गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनावे घेतली किंवा जुनी घराणेनावे पुढे आणली. नारायणगावच्या तमाशाचे उदाहरण यात बोलके आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने चालणाऱ्या फडात वाढलेल्या विठाबाई (१९३५–२००२) महाराष्ट्राला माहीत आहेत त्या विठाबाई नारायणगावकर म्हणून. राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कारही याच नावाने दिला जातो. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाची या कलेतल्या शब्दांपैकी एकही आडनाव झाला नाही. फक्त शाहीर वर चढला, तोही नावाच्या आधी लावायची पदवी म्हणून.

आडनावांवरून इतिहास काढताना दोन धोके आहेत. पहिला, ध्वनीच्या साम्यावरून धंदा जोडणे. तांबे म्हणजे तांबट, वाघ म्हणजे शिकारी, अशा जुळण्या मनोरंजक असतात, पण कागदाचा आधार नसेल तर त्यांना किंमत नाही. राऊत या नावाला मात्र असा आधार आहे : राजपुत्र, राउत्त, राऊत अशी रूपे क्रमाने मिळतात आणि जुन्या मराठीत राऊत म्हणजे घोडेस्वार. दुसरा धोका आडनावावरून जात ठरवण्याचा. पाटील, देशमुख, चौधरी, नाईक, इनामदार ही नावे अनेक जातींत आणि धर्मांत आहेत. वतन ज्याच्याकडे, नाव त्याचे.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने, आणि महसुली पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. कुलकर्ण्याच्या दप्तरावर पगारी तलाठी बसला. खरे तर पाटील आणि कुलकर्णी ही पूर्ण अर्थाने आडनावे झाली ती तेव्हा. तोवर त्या शब्दांमागे चालू पद होते आणि घरातल्या सगळ्यांना ते लावण्याचा अधिकारही वादाचा होता. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद ठेवले, पण ते नेमणुकीने मिळते, वारशाने नाही. कोणत्याही आडनावाची व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, आज गावची पोलीस पाटील असते.

एक धंद्याचा शब्द मात्र आजही हक्क देतो. कुणबी. ‘कुटुंबिन्’ म्हणजे घर-जमीन असलेला शेतकरी, त्यावरून कुणबी. हा मूळचा जातिशब्द नाही, शेती करणाऱ्याचे नाव आहे. ब्रिटिश काळातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांत, शाळांच्या दाखल्यांत आणि जमिनीच्या कागदांत हा शब्द कोणाच्या आजा-पणज्यापुढे लिहिला गेला, यावर आता इतर मागास वर्गाचा दाखला अवलंबून आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यासाठी, नंतर सगळ्या राज्यासाठी. तालुक्या-तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या मोडी नोंदी वाचणाऱ्यांना मागणी आली. जुन्नर-आंबेगावच्या कुळांपुढे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारकुनाने घाईत ‘कु.’ लिहिले की ‘मराठा’, हे त्या नोंदींतून वाचून ठरवले जाते.